अनध्यायाचे दिवस : तंजावरच्या विद्यार्थ्यांची फुरसत आणि मराठीचे प्रयोगजीवन

१. प्रश्नाची मांडणी

शिक्षणाचा इतिहास बहुधा वर्गाच्या भिंतींच्या आत राहून लिहिला जातो. शाळांची संख्या, अभ्यासक्रम, क्रमिक पुस्तके, शिक्षकांचे वेतन आणि परीक्षा ही त्याची नेहमीची साधने होत. विद्यार्थी वर्गाबाहेर काय करीत होता, सुट्टीच्या दिवशी कोठे जात होता, रात्री जागून काय पाहत व ऐकत होता, हे प्रश्न त्या इतिहासात सहसा येत नाहीत. वाङ्मयेतिहासातही विद्यार्थी येतो तो वाचक म्हणून किंवा भावी लेखक म्हणून. प्रेक्षक, श्रोता, जत्रेतला मुलगा किंवा नदीकाठी फिरणारा तरुण म्हणून त्याची दखल घेतली जात नाही.

तंजावरच्या मराठी वाङ्मयाच्या बाबतीत या उपेक्षेची किंमत अधिक मोजावी लागली आहे. व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर ताब्यात घेतल्यापासून १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजी राजांच्या मृत्यूनंतर संस्थान खालसा होईपर्यंत, सुमारे १८० वर्षे, कावेरीच्या खोऱ्यात मराठी ही राजदरबाराची भाषा होती. या काळातील नाटके, लावण्या, यक्षगाने, कोरवंज्या आणि कीर्तनोपयोगी रचना मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत 'दक्षिणेतील मराठी' या शीर्षकाखाली एखाद्या परिशिष्टासारख्या नोंदवल्या जातात. ग्रंथ म्हणून त्यांचे मूल्यमापन झाले. त्या कोणाच्या फुरसतीत, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या भाषांच्या शेजारी उभ्या राहत होत्या, याचा विचार फारसा झाला नाही.

प्रस्तुत निबंधात तंजावरच्या विद्यार्थ्यांच्या मनोरंजनाचा आणि सहलींचा मागोवा या दृष्टीने घेतला आहे. भर दुसऱ्या सरफोजी राजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) काळावर आहे, कारण याच काळात अध्ययन आणि मनोरंजन यांना जाणीवपूर्वक एकत्र गुंफण्याचा प्रयत्न या नगरात झाला. त्यातून निघणारे प्रतिपादन असे की, परमुलखात भाषा शाळेत शिकवली जाते, परंतु ती टिकते फुरसतीत. तंजावरच्या मराठीचा ऱ्हास दफ्तरातून आणि वर्गातून ती गेल्याने जितका झाला, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, विद्यार्थ्यांच्या मोकळ्या वेळातून ती गेल्याने झाला.

२. नगर, विद्यार्थी आणि सुट्टी

सरफोजी राजे गादीवर आले तेव्हा राज्याचा राजकीय आशय जवळजवळ संपला होता. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने प्रदेशाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, निश्चित तनखा, महसुलातील एक हिस्सा आणि धर्मादाय छत्रांची व्यवस्था एवढेच उरले. राज्य नसलेल्या या राजाने आपली शक्ती ज्या गोष्टींकडे वळवली, त्यांत शिक्षण अग्रभागी होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ आणि नंतर मद्रासमध्ये गेरिके यांच्या देखरेखीखाली झाले होते. संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू या परंपरागत भाषांबरोबर इंग्रजी आणि युरोपीय विज्ञान यांची गोडी त्यांना याच वयात लागली.

या काळातील तंजावर परिसरात विद्यार्थी नावाचा एकच एक वर्ग नव्हता. राजवाड्याशी निगडित नवविद्या कलानिधी शाळेत नव्या विद्या शिकणारी मुले होती. श्वार्ट्झ यांनी १७८० च्या दशकात सुरू केलेल्या इंग्रजी शाळेच्या परंपरेत मिशनची मुले शिकत होती. गावोगावच्या ओसऱ्यांवर भरणाऱ्या 'तिण्णै' शाळांत वाळूवर अक्षरे गिरवणारी बहुसंख्य मुले होती, आणि अग्रहारांतून वेद व शास्त्रे शिकणारे तरुण होते. मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांच्या आज्ञेने १८२२ पासून झालेल्या पाहणीत एकट्या तंजावर जिल्ह्यात उच्च विद्येच्या १०९ पाठशाळा आणि त्यांत ७६९ विद्यार्थी नोंदले गेले. एका पाठशाळेमागे सरासरी सात विद्यार्थी पडतात. अशा लहान गटांत गुरुगृहाची शिस्त आणि विद्यार्थ्याचा दिनक्रम यांत भेद करणे अवघड असते.

या व्यवस्थेतील सर्वांत लक्षणीय घटक म्हणजे छत्रे. रामेश्वरकडे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी भोसले राजघराण्यातील स्त्रीपुरुषांच्या नावे बांधलेल्या या धर्मशाळा हळूहळू विद्यार्थ्यांची वसतिस्थानेही झाल्या. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे सरफोजींनी मुक्तांबाबाईंच्या नावाने उभारलेले छत्र त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांच्या कार्याचे सविस्तर वर्णन आहे. वेदांचे अध्यापक, पंतोजी आणि वैद्य तेथे नेमलेले असत. वाटेत आईबाप गमावलेली परक्या मुलखातील मुले पंतोजीच्या हवाली केली जात, त्यांना तीन वेळा अन्न आणि दर चौथ्या दिवशी तेलाचे अभ्यंग मिळे, वस्त्रे आणि औषधे मिळत. पुढे त्यांना आवडेल ती विद्या शिकवून त्यांच्या विवाहाचा खर्चही केला जाई.

या यादीतील अभ्यंगाचा उल्लेख वाचताना तो केवळ आरोग्याचा नियम म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. परंतु तमिळ मुलखात अंगाला तेल लावून न्हाण्याचा दिवस हा विसाव्याचा दिवस असतो. त्या दिवशी देह आणि मन दोन्ही सैल सोडायचे असतात. अनाथ विद्यार्थ्याला अन्न आणि अक्षर यांच्याबरोबरीने विसाव्याचाही हक्क आहे, ही जाणीव या तपशिलात आहे.

पाठशाळांतील सुट्टीचे गणित चंद्राच्या कलांनुसार चाले. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. अकाली मेघगर्जना झाली तरी अध्ययन थांबे. मिशन शाळांत रविवार पाळला जाई. म्हणजे एकाच नगरात सुट्टीची दोन पंचांगे शेजारी शेजारी चालत होती, आणि कोणाचा मोकळा दिवस कोणता यावरून तो मुलगा कोणत्या ज्ञानव्यवस्थेत वाढतो आहे हे ओळखू येत होते. अनध्याय या शब्दाचा अर्थ अध्ययनाचा अभाव असा असला, तरी प्रत्यक्षात पाठांतराच्या बाहेरचे बहुतेक शिक्षण त्याच दिवसांत आणि रात्रींत होत असे.

३. रस्ता, नदी आणि नवरात्र

तंजावर नगर थेट कावेरीच्या काठी वसलेले नाही. तिच्या फाट्यांपैकी वेण्णारू आणि वडवारू जवळून वाहतात. प्रत्यक्ष कावेरी तेरा किलोमीटरवरील तिरुवैयारू येथे भेटते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी नव्या पाण्याचे स्वागत करण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे नदीवर जातात, चित्रान्नांचे डबे सोडून काठावर जेवतात, आणि मुले लाकडाचे लहान रथ दोरीने ओढत मिरवतात. तंजावरच्या मराठी घरांनीही हा दिवस आपलासा केला. कालव्यांना पाणी आल्याचा हा सण शेतीच्या वर्षाचा आरंभ सांगतो. मुलांच्या दृष्टीने मात्र ती वर्षातील हक्काची सहल होती.

शाळेशी अधिक घट्ट नाते होते ते नवरात्राचे. तिण्णै शाळेतील मुले महानवमीच्या सुमारास नटूनथटून, हातात टिपऱ्या घेऊन, घरोघर गात-नाचत जात आणि मिळालेली बिदागी गुरूच्या स्वाधीन करीत. या प्रथेत शाळेचा आर्थिक व्यवहार, मुलांची करमणूक आणि वर्षभराच्या पाठांतराचे जाहीर प्रदर्शन ही तिन्ही कामे एकाच वेळी होत. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजण्याची जी रीत होती, तिच्याशी या प्रथेचे नाते उघड आहे. फरक असा की, महाराष्ट्रातील पाटीपूजन शाळेच्या ओसरीवर घडते, तर कावेरीकाठची मुले शाळा रस्त्यावर घेऊन येतात.

या संस्कृतीची दुसरी बाजू पुढच्या पिढीच्या एका साक्षीतून दिसते. तमिळचे थोर संशोधक उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांचे बालपण तंजावर जिल्ह्यात गेले. 'एन् चरित्तिरम्' या आत्मचरित्रात त्यांनी तिण्णै शाळांची कठोर शिस्त वर्णिली आहेच; शिवाय एक अर्थपूर्ण प्रसंगही सांगितला आहे. मायावरम येथे महाविद्वान मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे काव्य शिकत असताना ते 'नंदनार चरित्तिरम्'चे कर्ते गोपालकृष्ण भारती यांच्याकडे संगीताचे धडे घेऊ लागले. गुरूंना ते कळले. संगीतात मन गुंतले तर काव्याकडे दुर्लक्ष होईल, असे त्यांचे मत पडले आणि शिष्याने संगीत सोडले. फुरसत आणि विद्या या परस्परांच्या वैरिणी आहेत, अशीही एक धारणा या प्रदेशातच नांदत होती. तिच्या पार्श्वभूमीवर सरफोजींच्या राजवाड्यातील प्रयोग पाहावा लागतो.

४. पाच भाषांचा प्रेक्षक

तंजावरचा विद्यार्थी ज्या रंगभूमीसमोर बसत होता ती आरंभापासूनच बहुभाषिक होती. शहाजी राजांचे (कारकीर्द १६८४–१७१२) 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे सतराव्या शतकाच्या अखेरचे नाटक मराठीतील आद्य नाटक म्हणून ओळखले जाते. विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'च्या (१८४३) दीडशे वर्षे आधीची ही घटना आहे. परंतु आद्यत्वाच्या वादात शहाजींचे 'पंचभाषाविलास' मागे पडते. तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषांत चालणारे हे नाटक निरनिराळ्या मुलखांतील राजकन्या आणि कृष्ण यांच्या विवाहाभोवती रचले आहे. अशा नाटकाला प्रत्येक भाषा सारख्याच प्रमाणात येणारा प्रेक्षक अपेक्षित नसतो. एखादी भाषा पूर्ण, दुसरी अर्धी आणि तिसरी केवळ कानाने ओळखणारा प्रेक्षक पुरतो. जे शब्द कळत नाहीत ते राग, अभिनय आणि कथेची ओळख यांच्या आधारे उमगतात. शाळेत एकेक भाषा स्वतंत्रपणे शिकणाऱ्या मुलाला या रंगभूमीवर त्या एकमेकींशी बोलताना ऐकू येत होत्या.

सरफोजींच्या दरबारात हा वारसा आणखी फैलावला. पाश्चात्त्य वाद्यांचा बँड येथे होता. वराहप्पय्यर यांच्यासारखे दरबारी व्हायोलिन वाजवू लागले. आणि भरतनाट्यमच्या आजच्या प्रयोगक्रमाला आकार देणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू याच वातावरणात वाढले. बृहदीश्वराच्या मंदिरात चैत्र महिन्याच्या उत्सवात 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' या तमिळ रचनेचा प्रयोग होई. कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचलेल्या या नाट्याची नायिका खुद्द सरफोजींवर अनुरक्त आहे. मंदिराच्या आवारातील 'कुरवंजी मेडै' हे व्यासपीठाचे नाव त्या प्रयोगाची स्मृती जपते. मंदिराच्याच भिंतींवर १८०३ मध्ये मराठीत कोरलेला प्रदीर्घ भोसलेवंशचरित्राचा लेख आहे. उत्सवाच्या रात्री मंदिरात जमलेल्या समुदायाला तमिळ कानांनी आणि मराठी डोळ्यांनी भेटत होती.

५. 'देवेंद्र कोरवंजी' : बसल्या जागी प्रवास

कुरवंजी हा प्रकार मुळात तमिळ. त्याचा साचा ठरलेला असतो. नायिका मिरवणुकीत निघालेल्या देवाला किंवा राजाला पाहते आणि विरहाने झुरू लागते. तेवढ्यात डोंगरातील कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री येते, आपल्या डोंगराचे वैभव सांगते, आपण कोणकोणत्या मुलखात हिंडलो आणि कोठे काय बक्षीस मिळवले ते मोजते, नायिकेचा हात पाहून मीलनाचे भाकीत करते. अठराव्या शतकातील तिरिकूडरासप्प कविरायर यांची 'कुट्राल कुरवंजी' ही या प्रकारातील सर्वमान्य कृती आहे. या साच्यात प्रणयकथा चौकटीपुरती आणि कोरवंजीचे भ्रमण मध्यवर्ती असते. प्रेक्षक ज्या पात्राची वाट पाहतो ते पात्र राजकन्येचे नसून टोपली घेऊन फिरणाऱ्या भटक्या स्त्रीचे असते.

सरफोजींच्या नावावर असलेल्या 'देवेंद्र कोरवंजी' या मराठी नाट्यकृतीने हाच साचा घेतला आणि त्यातील एका भागाचा आशय बदलला. येथे नायिका इंद्राणी आहे. कोरवंजी तिच्यासमोर आपण हिंडलेल्या मुलखांचे वर्णन करू लागते, तेव्हा त्यात तीर्थे आणि संस्थाने यांच्याऐवजी युरोपीय भूगोलग्रंथांच्या धर्तीवरचे जग उलगडते : खंड, देश, पर्वत, नद्या, नगरे. पुराणातील सात द्वीपे आणि मेरू यांच्या जागी आशिया, युरोप, आफ्रिका आणि अमेरिका येतात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५० मध्ये ही कृती प्रकाशित केली, आणि तेव्हापासून 'गाण्यांतून भूगोल सांगणारे नाटक' असा तिचा उल्लेख कुतूहलाच्या सुरात होत आला आहे.

केवळ कुतूहलाने पाहिल्यास या कृतीतील दोन गोष्टी निसटतात. पहिली गोष्ट रूपाची. भूगोल शिकवण्यासाठी नवे रूप निर्माण करण्याऐवजी, प्रवासवर्णन ज्या रूपाच्या रचनेतच गृहीत आहे असे रूप येथे निवडले आहे. कोरवंजीने दूरदेशांची नावे घ्यावीत हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि हवेही असते. त्या नावांत नवी नावे मिसळली की ज्ञान करमणुकीच्या वाटेने आत शिरते. सरफोजींनी नव्या विद्या शिकवणारी शाळा चालवली, हे ध्यानात घेता या कृतीसमोर विद्यार्थी प्रेक्षक अभिप्रेत होता असे मानण्यास भरपूर जागा आहे. समुद्रापार जाणे ज्यांच्या आचारात निषिद्ध, अशा घरांतील मुलांना ही जगाची सहल बसल्या जागी घडत होती.

समकालीन युरोपातही भूगोल फुरसतीच्या हवाली केला जात होता. इंग्लंडमध्ये जॉन स्पिल्सबरी यांनी १७६० च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून, देशांच्या सीमांवर कापून, मुलांना जुळवण्यासाठी विकायला काढले. तेथे मुलाच्या हाती जग तुकड्यांच्या रूपात आले. तंजावरात ते गाण्याच्या रूपात कानी पडले. स्पिल्सबरींचा नकाशा श्रीमंत घरातील एकटे मूल जुळवत बसते. कोरवंजीचे जग समूहाला एकदम दिसते आणि गाणे पाठ झाल्यावर विनामूल्य बरोबर नेता येते. मुद्रण आणि बाजारपेठ यांवर उभी राहिलेली ज्ञानरंजनाची संस्कृती आणि प्रयोगावर उभी राहिलेली संस्कृती, असा हा भेद आहे. तंजावरने मुद्रणाकडे पाठ फिरवली होती असेही नव्हे. 'बालबोध मुक्तावली' हा इसापच्या कथांचा मराठी अनुवाद १८०६ मध्ये येथेच छापला गेला. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या 'बाळमित्र' आणि इसापनीतीच्या पुस्तकांनी १८२८ मध्ये मराठी बालवाचकाला जे दिले, त्याचा एक अंश तंजावरच्या मुलांना २२ वर्षे आधी उपलब्ध होता. परंतु मुंबईच्या पुस्तकांमागे शाळांचे वाढते जाळे होते. तंजावरच्या पुस्तकामागे एक राजवाडा होता.

दुसरी गोष्ट वक्त्याची. नव्या जगाचे ज्ञान या कृतीत राजा, पंडित किंवा धर्मोपदेशक सांगत नाही. भटक्या जमातीची निरक्षर मानली जाणारी स्त्री ते देवांच्या राणीला सांगते. तिचा अधिकार ग्रंथाचा नसून पायांचा आहे. प्रत्यक्ष शाळांत मात्र मुलींची संख्या अत्यल्प होती, आणि कुरव जमातीच्या मुलांना तेथे जागा नव्हती. रंगभूमीवर जिला भूगोलाचे अध्यापक केले, तिला वर्गात विद्यार्थी होता येत नव्हते. फुरसतीच्या अवकाशात जी उलथापालथ चालते ती शाळेच्या अवकाशात चालत नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठी वाङ्मयात विरळाच सापडेल.

६. यात्रा, लावणी आणि समुद्रकाठचा मनोरा

प्रत्यक्ष प्रवासही या काळात झाला आणि त्याचे रूपांतर पुन्हा फुरसतीच्या वाङ्मयात झाले. सरफोजी राजे १८२० मध्ये सुमारे ३,००० लोकांच्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले आणि १८२२ मध्ये परतले. या यात्रेवर रचलेल्या 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' सरस्वती महालाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केल्या. महाराष्ट्रात लावणी म्हटले की शृंगार आणि फड डोळ्यांसमोर येतात. तंजावरात त्याच छंदाने प्रवासवर्णनाचे काम केले. 'देवेंद्र कोरवंजी'त कल्पित प्रवासाला गाण्याचे रूप मिळाले, तर या लावण्यांत घडलेल्या प्रवासाला. दोन्ही ठिकाणी ऐकणारा घरीच असतो. ज्यांनी काशी पाहिली नाही त्यांना ती ऐकायला मिळावी, हा त्यांचा उपयोग होता.

याच काळात तंजावरच्या दक्षिणेकडील वाटेच्या शेवटी, पट्टुकोट्टैच्या पलीकडे समुद्रकाठी, सरफोजींनी १८१४ च्या सुमारास 'मनोरा' ही षट्कोनी बहुमजली वास्तू उभारली. नेपोलियनवरील ब्रिटिशांच्या विजयाचे ते स्मारक होते आणि त्यावरील लेख मराठीसह अनेक भाषांत आहेत. स्वतःचे राज्य गमावलेल्या राजाने जेत्याच्या दूरदेशीच्या विजयाचे स्मारक बांधावे, यातील विसंगती इतिहासकारांनी दाखवली आहेच. येथे वेगळा मुद्दा महत्त्वाचा आहे. मनोऱ्यामुळे तंजावर, ओरत्तनाडूचे छत्र आणि समुद्र ही एक सलग वाट झाली. भूगोलातील 'युरोप' हा शब्द मुलखातील एका उंच खुणेशी जोडला गेला. पुढील काळात शाळामहाविद्यालयांच्या सहली याच वाटेने जाऊ लागल्या, आणि आजही जातात.

७. १८५५ नंतर : फुरसतीची भाषा बदलते

संस्थान खालसा झाले तेव्हा राजवाड्याच्या आश्रयावर चाललेली प्रयोगसंस्कृती निराधार झाली. विद्यार्थ्यांचे लक्ष तोवर दुसरीकडे वळू लागले होते. कुंभकोणमला १८५४ मध्ये सरकारी विद्यालय सुरू झाले आणि पुढे त्याचे महाविद्यालय होऊन त्याची ख्याती सर्वत्र पसरली. तंजावरचे सेंट पीटर्स विद्यालयही इंग्रजी शिक्षणाचे केंद्र होते. मराठी घरांतील हुशार मुले या वाटेने कंपनीच्या आणि संस्थानांच्या चाकरीत गेली. कुंभकोणमला जन्मलेले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाणपद भूषवणारे सर टी. माधवराव (१८२८–१८९१) हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव.

नव्या विद्यालयांनी विद्यार्थ्यांना नव्या प्रकारची फुरसत दिली. शनिवार-रविवार, परीक्षेनंतरची लांब सुट्टी, क्रिकेट, वादसभा आणि आगगाडीचा प्रवास ही तिची अंगे होती. या फुरसतीच्या भाषा इंग्रजी आणि तमिळ होत्या. मराठी तिच्यात अप्रत्यक्षपणे मात्र टिकून राहिली. महाराष्ट्रातून आलेल्या रामचंद्रबुवा मोरगावकर यांच्या कीर्तनांनी तंजावरच्या श्रोत्यांना भारून टाकले, आणि त्या वळणावर तंजावर कृष्ण भागवतर (मृत्यू १९०३) यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते तमिळ हरिकथेत स्थिरावली. रात्र जागवून कथा ऐकणाऱ्या तमिळ विद्यार्थ्याच्या कानावर मराठी छंद पडत होता. भाषा मात्र तमिळ झाली होती. भजनसंप्रदायात तर तुकाराम-नामदेवांचे अभंग मूळ मराठीतच गायिले जात राहिले, आणि गाणाऱ्यांपैकी अनेकांना त्यांचा अर्थ केवळ भावाने उमगत होता.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने हा टप्पा अत्यंत बोलका आहे. एका भाषेचे वाङ्मय दुसऱ्या भाषेत जाते ते अनुवादाने, असे गृहीत धरण्याची सवय आहे. तंजावरात ग्रंथांच्या अनुवादाआधी आणि अनुवादाविना छंद, चाली, प्रयोगाची शिस्त आणि श्रोत्याची बसण्याची रीत यांचे स्थलांतर झाले. तमिळ कुरवंजी मराठीत आली आणि मराठी कीर्तन तमिळमध्ये गेले, ते दोन्ही वेळा मोकळ्या वेळाच्या वाटेने. या देवाणघेवाणीत तमिळला नवा प्रकार मिळाला, तर मराठीच्या हातून श्रोता गेला. मराठी घरांत स्वयंपाकघर, देवघर आणि नात्यांची हाक यांपुरती भाषा उरली, आणि तिच्यावर तमिळ वाक्यरचनेचा गाढ ठसा उमटला. ही 'तंजावरी मराठी' आजही बोलली जाते. तिच्यात नाटक पाहणारा, लावणी ऐकणारा, सुट्टीत मराठी गोष्टीचे पुस्तक उघडणारा विद्यार्थी मात्र उरला नाही.

८. आजचे नगर

आजचे तंजावर मध्यम आकाराचे शहर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख २३ हजार होती. १९८१ मध्ये स्थापन झालेले तमिळ विद्यापीठ, वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाच्या संस्था आणि जुनी महाविद्यालये यांमुळे बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने येथे राहतात. संध्याकाळी ते बृहदीश्वराच्या आवारातील हिरवळीवर बसतात. शिवगंगा तलावालगतचे उद्यान, कावेरीवरील कल्लणै बंधारा, तिरुवैयारूची त्यागराज आराधना आणि समुद्रकाठचा मनोरा ही त्यांची सहलीची ठिकाणे. राजवाड्यातील सरस्वती महालाच्या संग्रहालयात, १९१८ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या त्या ग्रंथालयात, शाळांच्या रांगा येतात. चार्ल्स ल ब्रून यांची माणूस आणि पशू यांच्या चेहऱ्यांची चित्रे पाहून मुले हसतात, जुने नकाशे पाहतात आणि काचेमागील मोडी व बालबोध लिपीतील पानांपुढून पुढे सरकतात. ग्रंथालयात सुमारे ३,००० मराठी हस्तलिखिते आहेत. त्यांतील नाटके एकेकाळी ज्या वयाच्या मुलांसमोर होत असावीत, त्याच वयाची मुले काचेच्या या बाजूला उभी असतात.

या दृश्याकडे केवळ ऱ्हासाच्या हळव्या नजरेने पाहणे योग्य होणार नाही. तमिळ विद्यापीठाने तंजावरच्या मोडी कागदपत्रांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध करून त्या दफ्तराचा उपयोग मराठी न येणाऱ्या अभ्यासकांना करून दिला, हे ऋण मराठी अभ्यासकांनी मान्य केलेच पाहिजे. तथापि दफ्तराचे भाषांतर होऊ शकते, तसे फुरसतीचे होत नाही. 'देवेंद्र कोरवंजी'ची संहिता १९५० पासून उपलब्ध आहे. तिच्या चाली, तिचा अभिनय, तिच्या प्रेक्षकाचा अंदाज यांचा अभ्यास तमिळ कुरवंजीच्या जिवंत परंपरेच्या साहाय्यानेच करावा लागेल. मराठी वाङ्मयेतिहासाला आपल्या एका आद्य शैक्षणिक नाट्यकृतीचा अर्थ तमिळ रंगमंचाला विचारावा लागणार आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही, कारण ती कृती निर्माण झाली तेव्हाही असेच घडले होते.

महाराष्ट्राबाहेरील मराठीच्या जतनाचा विचार सध्या बहुधा वर्ग, प्रमाणपत्रे आणि पाठ्यपुस्तके यांच्या भाषेत केला जातो. तंजावरच्या दोन शतकांच्या अनुभवातून त्या विचाराला एक पुरवणी जोडावी लागते. सरफोजींच्या काळात मराठी शिकणाऱ्या मुलाला त्या भाषेत हसण्याची, गाणी पाठ करण्याची आणि न पाहिलेल्या जगाची सहल करण्याची सोय होती. पुढील काळात वर्ग बदलले तरी ती सोय टिकली असती, तर भाषेलाही कदाचित आसरा राहिला असता. अनध्यायाच्या दिवशी विद्यार्थी कोणत्या भाषेत रमतो, हा प्रश्न म्हणूनच भाषेच्या इतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न ठरतो.